हार्पाक्सचे बारा पेले

लुग्दुनम, २० एप्रिल

ती. एल्पिसताईस,

म्हणजे पुन्हा माझंच चुकलं. दोन वर्षांत तिसरी भट्टी धरली म्हणून तू मला वाऱ्यावरचं पीस म्हणालीस, आणि वर लिहिलंस की अब्दास जिथे जातो तिथे आधी त्याची मूठ पोचते, मग तो. हे तू मागच्या पत्रातही लिहिलं होतंस. त्याच्या मागच्याही. नमस्कार मागाहून करतो, आधी हे ऐकून घे.

त्या भट्टीवर सेनो म्हणून एक गॉल होता. काम चालू असताना त्याने सगळ्यांदेखत मला विचारलं की तुझी सख्खी बहीण पुतेओलीत लोकांचे पेले विसळते, मग तू कसला स्वतंत्र माणूस. माझ्या फुंकणीच्या टोकाला काचेचा गोळा लालभडक होता. तो मी तसाच त्याच्या कानाला लावला. कान गेला. वास कसा सुटला ते लिहीत नाही, तुझं जेवण व्हायचं असेल. मालकाने चौघांना लावून माझी पाठ फोडली, वीस दीनार कापून घेतले आणि हाकललं. वीस दीनारांचं तुला वाईट वाटलं, मलाही वाटलं. ते तुझेच होते.

पण ताई, त्याने खोटं काय सांगितलं होतं? आईला गुलामीतून सुटका मिळाली त्याच्या आदल्या वर्षी तू जन्मलीस, पुढच्या वर्षी मी. तीच आई, तोच बाप, भट्टीमागची तीच खोली. तू धन्याची झालीस आणि मी माझा झालो. मला हे आठवतं तेव्हा हात शिवशिवतो, आणि समोर जो असेल त्याचं नशीब.

आता कामुलस नावाच्या मालकाकडे आहे. तो साचे कोरायला देतो. बाबांकडून शिकलो ते शेवटी कामी आलं. अव्हियानस धन्याने तुझी किंमत सहाशे दीनार सांगितली आहे हे मी विसरलेलो नाही. माझ्याकडे चाळीस जमलेत. असेच जमत गेले तर तू सुटशील तेव्हा आपल्या दोघांच्या तोंडात दात नसतील. तोवर धन्याला खूश ठेव, आणि त्याला काय आवडतं ते मला कळव.

तू खुशाल असशील तर मी खुशाल. शिव्या घाल, पण माया आटवू नकोस.
तुझा अब्दास

*

पुतेओली, ६ जून

चि. अब्दास यास अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. तुझी अक्षरं अजून एकमेकांना टाळून चालतात, पण वाचता आली.

कान जाळून घर कसं चालतं ते मला माहीत नाही, अब्द्या. सेनोला आता एका कानाने ऐकू येतं आणि तुझे वीस दीनार गेले. मी सुटले का त्याने? तुझ्या पाठीला तेल लावायला तिथे कुणी आहे का तेही तू लिहिलं नाहीस. मुद्द्याचं लिहायचं तुला बाबांनी शिकवलंच नाही.

इथे सगळी काच माझ्या ताब्यात आहे. एकशे चाळीस नग. पेले, सुरया, अत्तराच्या कुप्या, धनिणीच्या तेलाच्या बाटल्या, आणि वरच्या कोनाड्यात थोरल्या धन्याची राख ठेवलेला झाकणाचा हिरवा घट. तोही रोज पुसायचा. संध्याकाळी कारभारी मोजून घेतो. मागच्या आठवड्यात स्वयंपाकातल्या म्हाताऱ्या बौकिसच्या हातून निळी सुरई गेली. कारभाऱ्याने पितळी पळीने तिचे दोन दात पाडले, आणि तुकडे गंधकवाल्याला देऊन बदल्यात गंधकाच्या काड्या घेतल्या. बौकिस आता त्याच काड्यांनी चूल पेटवते. म्हणते, दात महाग पडले पण काड्या चांगल्या आहेत.

तरी मला काच आवडते, हे तुला आवडणार नाही. मातीच्या भांड्याला सगळं लक्षात राहतं. काल त्यात मासळीचं पाणी होतं तर आज वाइन तोंडात घेववत नाही. काच विसळली की मोकळी.

धन्याला काय आवडतं ते विचारलंस. तो गावाच्या पदासाठी उभा आहे, म्हणून त्याने मे महिन्यात आखाड्यात खेळ दिले. त्याच्या स्वतःच्या पदरी हार्पाक्स नावाचा लढवय्या आहे. समोर निग्रिनस होता, तो ज्याच्या मालकीचा तोच निवडणुकीत धन्याच्या विरोधात उभा आहे. आम्ही बायका अगदी वरच्या पायऱ्यांवर. निग्रिनसच्या मांडीवर घाव बसला, तो गुडघ्यावर आला, ढाल टाकली आणि बोट वर करून जीव मागितला. लोक सोड सोड म्हणत होते. धन्याने सोडलं नाही. हार्पाक्सने त्याचे केस धरून मान मागे ओढली आणि गळ्याच्या खळगीत तलवार वरून उभी घातली. माझ्या शेजारची बाई अंजीर खात होती, तिने खाणं थांबवलं नाही.

तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. धनी जेवताना हाडांनी तो देखावा मांडून दाखवतो. तुला कळावं म्हणून खाली चित्र काढलंय, हसू नकोस. डावीकडे उभा आहे तो हार्पाक्स, उजवीकडे गुडघ्यावर निग्रिनस. नावं मोठ्या अक्षरांत लिहिली आहेत, तू अडखळतोस म्हणून.

मूठ आवरून ठेव. आहेस तसा माझा राहा.
तुझी ताई

*

लुग्दुनम, १ ऑगस्ट

ती. ताईस नमस्कार. तू खुशाल तर मी खुशाल, आणि आज मी फारच खुशाल आहे.

तुझं चित्र बघून हसलो, मग रात्रंदिवस तेच डोक्यात. साचा कोरला, ताई. मातीचा, उघडणाऱ्या तीन फाळ्यांचा. आत फुंकलेल्या काचेवर ते सुलट उठतं, म्हणून सगळं उलटं कोरावं लागतं हे तुला बाबांनी सांगितलेलं आठवत असेल. हार्पाक्सची दंडाची शीर, निग्रिनसची मागे ओढलेली मान, गळ्यातली तलवार, पडलेली ढाल, सगळं आलंय. वरच्या पट्टीत दोघांची नावं. अक्षरं सुलटी उमटली आहेत, मी उजेडात धरून एकेक तपासलं. कामुलस म्हणाला की हा रक्ताचा थेंब बोटाला लागेल असं वाटतं. तो माणूस कधी कुणाची स्तुती करत नाही, बायको मेली तेव्हाही फक्त बरी होती एवढंच म्हणाला होता.

निळ्या काचेचे बारा पेले पाठवतो आहे. आपला पुतेओलीचा नावाडी फिलोक्लेस परवा निघतो, म्हणून घाईने फुंकले. भुशात बांधले आहेत. आता नीट ऐक. पेटी तू उघडायची नाहीस. कारभाऱ्यानेही नाही. धन्याला निरोप दे की लुग्दुनमहून हार्पाक्सच्या विजयाची भेट आली आहे, मोठ्या जेवणाच्या दिवशी पाहुण्यांसमोर स्वतःच्या हाताने उघडा. त्याच्या डोळ्यात पाणी येईल. तेव्हा पाय धर आणि तीनशे माग. सहाशेचे तीनशे. एवढ्या कामाचं तेवढं मोल आहे. नाही म्हणालाच तर चारशेवर ये, पण आधी तीनशेच म्हण, तू भिडस्त आहेस.

माझ्याकडे आता सत्तर झाले. आज इथे मोठी जत्रा आहे, साठ गावांचे लोक आले आहेत. कामुलसने त्याच साच्याचे शंभर पेले मांडले ते दुपारपर्यंत संपले. एकाने पेला फुकट उचलला, त्याला मी फक्त एकच ठोसा मारला. नाक मोडलं पण ते आधीच वाकडं होतं, ते तुझ्या हिशेबात धरू नकोस.

तुझ्या हातचं खायला मिळेल असं पहिल्यांदा वाटतंय. तोवर आठवणीत ठेव.
अब्दास

*

पुतेओली, २५ सप्टेंबर

चि. अब्दास यास आशीर्वाद.

पेले पोचले. फुटले. वाटेत नाही, इथे. किमतीचं बोलणं झालं नाही. आता काच पाठवू नकोस.

मी बरी आहे. बोटाला थोडं लागलंय म्हणून अक्षर वाकडं. बौकिस सूप करून देते.

काम सोडू नकोस. कुणाशी भांडू नकोस. फिलोक्लेस काही सांगेल तर त्याला तिखटमीठ लावायची सवय आहे हे लक्षात असू दे.
ताई

*

लुग्दुनम, ३० ऑक्टोबर

ताई,

फिलोक्लेसने तिखटमीठ लावलं नाही. त्याला सांगवतच नव्हतं. मी त्याची मान धरून नावेच्या काठावर दाबली तेव्हा बोलला. त्याला तुमच्या कारभाऱ्याने सांगितलं, आणि कारभारी त्या वेळी तुझं मनगट धरून उभा होता, म्हणजे त्याला नीट दिसलं असणार.

आता मी सांगतो, आणि चूक असेल तर तू खोडून काढ. धन्याने पेटी स्वतः उघडली. माझ्याच शहाणपणाने. पहिला पेला वर धरला. पलंगावर आडव्या पडलेल्या पाहुण्यांपैकी एकाने पट्टीवरची नावं मोठ्याने वाचली. उभा आहे तो निग्रिनस, आणि ज्याच्या गळ्यात तलवार जातेय तो हार्पाक्स.  मग कुणी तरी म्हणालं की खरी बातमी लुग्दुनमला आधी पोचलेली दिसते. दुसऱ्याने निग्रिनसच्या दीर्घायुष्याच्या नावाने वाइन मागितली. मग हसणं थांबेना. धन्याने विचारलं की हे कुणाचं काम, आणि तू लपवलं नाहीस, माझा भाऊ म्हणालीस.

त्याने तुझ्या उजव्या हातात पेला धरायला लावला. कारभाऱ्याने मनगट आणि बोटं आवळून धरली. धन्याने वरून पितळी दिवठणीचा दांडा मारला. मग दुसरा पेला. मग तिसरा. बाराच्या बारा, एकाच हातात. फिलोक्लेस म्हणतो की पाचव्यानंतर पाहुणे हसायचे थांबले, पण उठलं कुणी नाही. एकाने बशी बाजूला सरकवली, रक्त उडत होतं म्हणून.

बोटाला थोडं लागलंय असं लिहिलंस. डाव्या हाताने लिहिलंस ते.

मी साचा काढून पाहिला. डोळे फुटले होते का माझे. माणसं उलटी कोरली, जशी कोरायची तशी, म्हणजे हार्पाक्स साच्यात उजवीकडे गेला. अक्षरंही एकेक उलटं कोरलं. पण नावं कोरताना तुझं पत्र समोर ठेवलं आणि तुझ्या कागदावर जो क्रम होता तोच धरला, हार्पाक्स डावीकडे, निग्रिनस उजवीकडे. प्रत्येक नाव दुसऱ्याच्या डोक्यावर बसलं. पेल्यावर अक्षर सुलट आलं की नाही एवढंच पाहिलं. नाव वाचलंच नाही. पूर्ण नाव वाचायला मला वेळ लागतो, आणि फिलोक्लेस निघाला होता.

चाकू घेतलाय. बैल सोलायचा, लांब पात्याचा. कामुलसकडे माझा करार वर्षअखेरपर्यंत आहे, आधी सोडलं तर एक पैसा मिळणार नाही. एक जानेवारीला पैसे हातात पडले की पायी निघतो. धन्याचा हात आधी, एकेक बोट, बारा वेळा. गळा शेवटी. त्यानेही बोट वर करून जीव मागावा अशी फार इच्छा आहे.

हे पत्र वाचून जाळ. तू माझी आहेस एवढं ठेव मनात.
अब्दास

*

पुतेओली, ५ डिसेंबर

चि. अब्दास यास आशीर्वाद. हे पत्र सरकारी डाकेच्या स्वाराकडे देते आहे. त्याने माझ्या कानातले मागितले, ते दिले. तू निघायच्या आत पोचायलाच हवं.

जाळायचं ते मी जाळलं. आता तू ऐक, मध्ये बोलू नकोस, तुला पत्रातही मध्ये बोलायची सवय आहे.

धनी घरात मेला, कुणाच्याही हाताने, तर त्या छपराखाली राहणारे सगळे गुलाम मरतात. आधी हाल करून विचारतात की तुम्ही त्याला वाचवायला का धावला नाहीत, मग खिळे. हा कायदा आहे, तू स्वतंत्र म्हणून वाढलास, तुला तो पाठ करावा लागला नाही. तीन वर्षांपूर्वी रस्त्यापलीकडच्या मळ्यावर एका धन्याला न्हाणीत कुणी भोसकलं. तिथल्या एकतीस जणांना क्रूसावर दिलं, त्यातल्या चौघी बायका. मी त्या रस्त्याने पाण्याला जायचे. तिसऱ्या दिवसापर्यंत एक माणूस जिवंत होता, तो माझ्याकडे घागर मागायचा. शेजारी पहारेकरी होता, मी खाली बघून जायचे.

या घरात आम्ही एकोणीस आहोत. बौकिस आहे. तू धन्याच्या अंगाला हात लावलास की पहिली मला ओढतील, कारण चाकू माझ्या भावाचा. आणि तुझी मूठ आधी पोचली तर मागून येणाऱ्या तुला भेटायला इथे कुणी उरणार नाही.

आता दुसरी गोष्ट. हात भरला आहे. आतले तुकडे बौकिसने चिमट्याने काढले, अजून एखादा वर येतो, निळा. तीन बोटं वाकत नाहीत. पेला धरता येत नाही, म्हणून काच माझ्याकडून काढून घेतली. धन्याला मी समोर दिसायला नको आहे. कारभारी मला गिरणीला विकायचं म्हणतो. गिरणीत जातं ढकलायला छाती लागते, बोटं लागत नाहीत. तिथे बायका दोन वर्षं टिकतात असं बौकिस सांगते. कारभाऱ्याला मी म्हटलं की माझा भाऊ घेईल. तो हसला. पण मग म्हणाला की गिरणीवाला दीडशे दीनार देतोय, तुझ्या भावाने तेवढेच दिले तर त्याला दे, आम्हाला काय. मे अखेरपर्यंत थांबायचं कबूल केलंय. एक दिवस जास्त नाही.

सहाशे नाहीत, अब्द्या. दीडशे. तुझ्याकडे सत्तर होते, आता नव्वद झाले असतील, जर चाकू फार महाग नसेल तर.

माझी मूठ आता मिटत नाही. तुझी जरा उघडी ठेव. एवढा हिवाळा बसून काढ.
ताई

*

लुग्दुनम, १२ एप्रिल

ती. ताईस नमस्कार. तू खुशाल आहेस की नाही ते मी विचारणार नाही.

तुझं पत्र एकोणतीस डिसेंबरला मिळालं. बोचकं बांधलेलं होतं. तीनदा वाचलं, एकेक अक्षर करून. मग चाकू खाटकाला परत विकला, त्याने सहा दीनार दिले, घेतला होता नऊला. कामुलसला जाऊन म्हटलं की पुढच्या वर्षाचा करार कर. तो म्हणाला की तुझ्यासारखा माणूस दुसऱ्या वर्षाला थांबल्याचं त्याने ऐकलेलं नाही.

त्याला एकच हवं होतं. तोच साचा. मी म्हटलं तो चुकीचा आहे, मी नवा कोरतो. तो म्हणाला की इथे हार्पाक्सला कोण ओळखतं, एक पडलेला आहे आणि एक उभा आहे, गिऱ्हाइकाला तेवढं पुरतं. नव्या साच्याचे पैसे देणार नाही, पण याच साच्याचे शंभर पेले फुंकले की पगाराशिवाय एक दीनार. मी साचा जमिनीवर आपटायला उचलला होता, ताई. मग तुझे राहिलेले साठ दीनार आठवले आणि खाली ठेवला. हळू ठेवला, तडा जाऊ नये म्हणून.

जानेवारीपासून आजपर्यंत साडेतीन हजार फुंकले. प्रत्येक वेळी फाळ्या उघडल्या की तेच दोघं बाहेर येतात, गरम. इथल्या घराघरांत लोक त्यातून पितात. परवा खाणावळीत माझ्या शेजारी बसलेल्याने विचारलं की हा पडलाय तो कोण, तुला वाचता येतं का. मी वाचून दाखवलं, हार्पाक्स. आता मला ते नाव चटकन वाचता येतं.

एक गोष्ट लिहायची नव्हती. मार्चमध्ये भुसा भरणाऱ्या बाईच्या हातून टोपली पडली. कामुलसचीच गुलाम आहे, वेस्ता नाव. त्र्याऐंशी पेले गेले, माझा जवळजवळ एक दीनार. मी फुंकणीने तिच्या खांद्यावर मारलं. हाड वाजलं ते ऐकू आलं. दुसऱ्यांदा उचलली तेव्हा तिने उजवा हात डोक्यावर धरला, आणि मी मारलं. त्या हातावर. तिसऱ्यांदा उचलली नाही, पण दुसऱ्यांदा मारलं.  मग ती खाली बसून डाव्या हाताने तुकडे वेचायला लागली, गंधकवाल्यासाठी. तिला मी दोन दीनार दिले, तिने ते जमिनीवरच राहू दिले. कामुलस म्हणाला की गुलामाला मारायचं तर आधी मालकाला विचारायचं असतं, बस्स. तुला सांगितल्यावर तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, म्हणून सांगितलं.

आणि हे एक. तू सहाशेची होतीस तेव्हा मला परवडत नव्हतीस. मी जन्मभर फुंकत राहिलो असतो आणि तू तिथेच पेले मोजत राहिली असतीस. माझ्या हातून चूक झाली, तुझा हात गेला, तू दीडशेवर आलीस, आणि आता मला परवडतेस. मी हे कुणाशी बोललो नाही. भट्टीसमोर उभा असतो तेव्हा हाच हिशेब चालू असतो, कितीही वेळा मांडला तरी तसाच येतो.

सुटल्यावर इकडे ये असं मी म्हणत नाही. बौकिसजवळ राहायचं असेल तर राहा. माझं तोंड बघायचं नसेल तर तेही कळव, दुसऱ्या कुणाच्या हातून लिहून घेऊ नकोस, डाव्या हाताने तूच लिही.

फिलोक्लेस पहिल्या नावेने निघतोय. थैलीला माझी मोहर आहे, ती फुटलेली असेल तर घेऊ नकोस. कारभाऱ्यासमोर नको, दोन साक्षीदार आणि न्यायाधिकाऱ्यासमोर मोज, आणि सुटकेचा कागद हातात पडल्याशिवाय एक नाणं सोडू नकोस. तुझे दीडशे, सुटकेवर सरकारचा विसावा हिस्सा साडेसात, आणि वर अडीच उरतात, त्यात स्वतःला चपला घे, स्वतंत्र बाई अनवाणी चांगली दिसत नाही. माया राहिली असेल तेवढीच ठेव, मी जास्त मागत नाही.

अब्दास

फिलोक्लेसच्या हाती पाठवले: एकशे साठ दीनार.